उचलीचा ठोका

बिडीच्या बंडलावर घोडा कशाला, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. घोडा काही बिडी ओढत नाही. पण दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत आमच्या नगर जिल्ह्यात एका कंपनीच्या बंडलावर मागच्या दोन पायांवर उभा असलेला पांढरा घोडा छापलेला असे, आणि कंपनीच्या एजंटाला तसाच घोडा जिवंत हवा होता. बाजारच्या गावी तो लोकांपुढे उभा राहावा, लोकांनी तोंडात बोटं घालावीत आणि बंडलं घ्यावीत, असा त्याचा बेत होता.

पांढरी घोडी होती आमच्या शेजारच्या गल्लीतल्या चाचांकडे. लग्नात नवरदेवाला मिरवणारी. बायको वारलेली, लेकी सासरी, तेव्हा चाचांचा सगळा संसार म्हणजे ती घोडी. लढाईपायी हरभरा मिळेनासा झाला होता आणि तिच्या बरगड्या लांबून दिसू लागल्या होत्या. एजंट म्हणाला, "घोडीला रोज पोटभर हरभरा कंपनी देईल." चाचांनी तिथल्या तिथे होकार दिला. हलगी वाजवायला त्यांनी मला घेतलं. मी बाविशीचा होतो, हलगी आमच्या घरात पिढीजात, आणि मला माझ्या हाताची भारी घमेंड.

घोडं दोन पायांवर उभं राहायला कसं शिकवतात ते सांगतो. ऐकवत नसेल त्यानं पुढचं वाचू नये. तोंडाला दोर बांधून तो झाडाच्या फांदीवरून ओढून धरायचा. मी हलगीवर दोन ठोके जोडून मारायचे, त्याला आम्ही उचलीचा ठोका म्हणायचो, आणि त्याच क्षणी चाचांनी वेताची छडी तिच्या पुढच्या पायांच्या नळ्यांवर हाणायची. मार चुकवायला घोडी पुढचे पाय उचलते. पहिल्या दिवशी ती किंचाळली. घोडं किंचाळतं हे पुष्कळांना ठाऊकच नसतं. आठवड्यात कातडं फाटलं, माशा बसू लागल्या. चाचा संध्याकाळी तिथे हळद-तेल लावत, लावता लावता रडत, आणि सकाळी पुन्हा छडी उचलत. महिन्याभरानं छडी चाचांच्या हातात नुसती असायची, मारायची गरज उरली नाही. माझा ठोका पडला की घोडी उभी राही. छडीचं काम आता माझी हलगी करत होती आणि सांगायला लाज वाटते, पण मला त्याचा अभिमान वाटायचा.

जखमा झाकायला एजंटानं तिच्या पायांना लाल मखमलीच्या पट्ट्या बांधल्या, पाठीवरून दोन्ही अंगांना कंपनीचे फलक सोडले. राहुरी झाली, देवळाली झाली. लोक एकमेकांच्या खांद्यावर चढून बघत. हरभऱ्यानं घोडीच्या अंगावर मांस धरलं. चाचा तिच्या पाठीवर थाप मारून म्हणायचे, "बघ, जगली का न्हाई माझी लेक?"

नेवाशाच्या बाजारात एजंटानं तिला एका मोठ्या दुकानापुढच्या दगडी फरशीवर नेलं.

"सायेब, फरशीवर नको," चाचा म्हणाले. "नाल घसरत्यात. मातीत करू."

"मातीत कोण बघतंय? गर्दी इथे आहे. वाजव रे!"

चाचांनी माझ्याकडे बघून नको म्हणून मान हलवली. मी वाजवलं. गर्दी लोटली होती आणि मला हात दाखवायची खुमखुमी होती.

ती उभी राहिली, मागचे नाल फरशीवरून सटकले, आणि पुढचा डावा पाय अंगाखाली दुमडून ती आदळली. वाळलेलं लाकूड मोडावं तसा आवाज झाला.

घोडेवाले मानतात की पडलेलं घोडं लगेच उठवलं नाही तर ते पुन्हा उठत नाही. त्या भीतीनं चाचा आंधळे झाले. लगाम ओढत होते, खांदा लावून तिला रेटत होते. एजंटानं बुटाच्या दोन लाथा तिच्या बरगड्यांत घातल्या. मखमलीची पट्टी भिजून काळी पडत होती आणि तिच्याखाली पाय भलत्याच ठिकाणी वाकला होता. चाचा तिच्या पाठीमागून रेटत होते, त्यांना तो दिसत नव्हता. मी समोर होतो. मला दिसत होता.

"वाजव पोरा," चाचा ओरडले. "तुज्या ठोक्याला ती उठतीच. वाजव, न्हाईतर मरंल ती!"

"चाचा, पाय बघा तिचा—"

"वाजव म्हन्तो ना!"

मी ठोका मारला. घोडी उठली. मोडका पाय लोंबत असताना ती मागच्या दोन पायांवर सरळ उभी राहिली, बंडलावरच्या चित्रात असते अगदी तशी. लोकांनी टाळ्या पिटल्या. एजंट गर्दीत बंडलं उधळू लागला. मग ती खाली आली, त्याच पायावर, आणि हाड कातडं फाडून बाहेर आलं. टाळ्या तेव्हा कुठे थांबल्या.

बाजारावर आलेल्या फौजदारानं तिच्या कानामागे गोळी घातली. चाचांनी तिची मान मांडीवर घेतली होती, गोळीच्या वेळी लोकांनी त्यांना ओढून बाजूला केलं. एजंट कधीच पसार झाला होता. चाचा उठले, पडलेली छडी त्यांनी उचलली आणि माझ्याकडे आले.

"तुला दिसत हुतं," ते म्हणाले. "दिसत हुतं रं तुला."

त्यांनी माझ्या नडग्यांवर हाणायला सुरुवात केली. लोक धावले, पण मीच म्हणालो, मारू द्या. खरंच तसं वाटत होतं. गुपचूप उभा राहून मी मार खात होतो, रक्त पायांवरून वाहत होतं. कितवा फटका ते आठवत नाही, पण छडी वर गेली आणि ती खाली यायच्या आत माझा पाय आपोआप उचलला गेला.

चाचांनी ते पाहिलं. छडी त्यांच्या हातातून गळून पडली.