बोलत्या तोंडाचं माप

ती पहिल्यांदा त्या सलूनमध्ये शिरली, तेव्हा तिथलं भिंतीवरचं घड्याळ बोलण्याच्या माऱ्याने बंद पडलेलं होतं. खिडकीतल्या कुंडीतलं रोप मधल्या खुर्चीपासून जमेल तितकं लांब वाकून वाढलं होतं. त्या खुर्चीत दाढीला बसलेल्या गिऱ्हाइकाचा एक गाल गुळगुळीत झाला होता, पण कारागीर दुसऱ्या गालाकडे वळेपर्यंत पहिल्यावर पुन्हा खुंट उगवले होते. कारागीर वस्तरा हवेत धरून आपल्या मामाच्या दाढदुखीची हकीकत सांगत होता. गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावरून असं वाटत होतं, की तो आत आला तेव्हा अविवाहित होता आणि आता घरी नातवंडं वाट बघत असावीत.

ती आली होती खुर्च्यांच्या खोळींचं माप घ्यायला. तिने टेप काढली आणि एक अक्षर न बोलता खुर्चीची पाठ मापली, बैठक मापली, हात मापला. खुर्चीच्या हातावर कारागिराचा हात होता आणि बोलण्याच्या नादात तो काही तिथून हलेना. मग तोही मापून झाला. खोळी शिवून आल्या तेव्हा एका खोळीला बाही निघाली. सगळ्या सलूनने ती पाहिली. लग्न ठरायला दुसरं कारण लागलं नाही.

त्याला सलूनमध्ये ‘अखंड’ म्हणत आणि तिला गल्लीत ‘खोळवाली’. दोघांनाही आपापलं नाव शोभून दिसे. खोळवालीच्या घरात उघडी वस्तू सापडणं कठीण होतं. मिक्सरला खोळ, इस्त्रीला खोळ, रिमोटला खोळ. स्टुलाच्या चारही पायांत मोजे. पाहुण्यांना पाणी हवं असलं की ते आधी फ्रिज कुठला ते विचारत. खोळी धुवायच्या दिवशी घर उघडं पडल्यासारखं दिसू नये म्हणून बदलीच्या खोळी वेगळ्या होत्या. पण एक मात्र कबूल करायला हवं, तिची खोळ वस्तूवर अशी बसे की वस्तू तशीच जन्माला आली असावी. याचं कारण तिने एकदाच कुणाला तरी सांगितलं होतं, की वस्तू हलत नाहीत आणि मध्येच बोलत नाहीत.

संसार झकास चालला होता. सकाळी अखंड बोलत बोलत जिना उतरे आणि संध्याकाळी बोलत बोलतच चढे. मधला सगळा वेळ खोळवालीचा. मशीनचा खडखडाट तिला शांतताच वाटे. त्या शांततेच्या बदल्यात ती सकाळ-संध्याकाळचं बोलणं आनंदाने सोसत होती.

आणि मग साथ आली. सलूनच्या मालकीणबाईंनी दारावर नियम चिकटवला. काम करताना नाक-तोंड झाकलेलं पाहिजे, कापडी मास्कही चालेल, पण तो जागेवर राहिला पाहिजे. ज्याचा घसरेल त्याने साथ संपेपर्यंत घरी बसावं, खुर्ची दुसऱ्या कारागिराला मिळेल. संध्याकाळी अखंडने ही बातमी सविस्तर, म्हणजे मालकीणबाईंच्या लहानपणापासून, सांगितली. तिने त्यातलं ‘घरी बसावं’ एवढंच ऐकलं. हा माणूस सकाळपासून संध्याकाळपर्यंत घरात! खुर्चीची काळजी अखंडलाही होती, पण तिच्याइतकी नाही. तिने त्याच क्षणी ठरवलं, की मास्क आपण शिवायचा, आणि असा शिवायचा की तोंडावरून हलता कामा नये.

माप घ्यायला बसली तर चेहरा ठरेना. टेप गालावर ठेवावी तर गाल सरके, ओठांवर ठेवावी तर तिच्यावरून शब्द घसरत येत. शेवटी सुट्टीच्या दिवशी दुपारी तो आडवा झाला आणि घोरू लागला, तेव्हा तिने निवांत माप घेतलं. नाकाच्या उंचवट्यापासून हनुवटीपर्यंत, एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत. चेहरा इस्त्रीइतका शहाण्यासारखा पडून होता. तिने आतून जुन्या चादरीचं मऊ सुती कापड लावलं, बाहेरून घट्ट विणीचं, आणि कडा अशा शिवल्या की टाका दिसू नये.

दुसऱ्या दिवशी अखंडने तो घातला, सलूनमध्ये गेला आणि पहिल्या गिऱ्हाइकाला म्हणाला, या, बसा. ‘या’ला मास्क नाकावरून निघाला आणि ‘बसा’ला ओठांखाली आला. मग हवेचा विषय निघाला आणि तो हनुवटीखाली जाऊन लोंबू लागला.

मालकीणबाईंनी चष्मा वर केला. “हा मास्क आहे की लाळेरं?”

खोळवालीने इलास्टिक आवळलं आणि नाकावर बसावा म्हणून वरच्या कडेत बारीक तार घातली. आता अखंडचे कान कपाच्या दांड्यांसारखे पुढे आले. मास्क दुपारपर्यंत टिकलाही. पण मग कुणीतरी त्याला मामाची तब्येत विचारली, इलास्टिकने धीर सोडला आणि मास्क उडून साबणाच्या फेसात पडला. मालकीणबाई शांतपणे म्हणाल्या, की उद्या सलून बंद आहे. परवा शेवटचं बघेन.

त्या बंदच्या दिवशी नणंद आली. ही नणंद मदतीला म्हणून येई आणि गंमत बघायला थांबे. तिने उसवलेल्या मास्कांचा ढीग पाहिला आणि विचारलं, की दादाला गप्प बसायला सांगणं सोपं नाही का?

“सांगून बघितलं,” खोळवाली म्हणाली. “गप्प का बसायचं, यावरच संध्याकाळभर बोलले.”

अखंड तेव्हा ताजा दुरुस्त केलेला मास्क घालून आरामखुर्चीत बसला होता आणि बसल्या बसल्या त्याचा डोळा लागला. दोघी बघतच राहिल्या. मास्क त्याच्या तोंडावर असा बसला होता की कुठे फट नाही, कुठे सुरकुती नाही. नणंदेने जवळ जाऊन चारही बाजूंनी पाहिलं. मग तिने मुद्दाम खाकरून खुर्ची हलवली. अखंड जागा झाला, चहाविषयी काहीतरी म्हणाला आणि मास्क गळ्यात आला.

नणंद पोट धरून हसत खाली बसली. “अगं वहिनी, हा झोपलेल्या दादाचा मास्क आहे. जाग्या दादाचा कधी शिवणार?”

खोळवालीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. इतके दिवस ती नवऱ्याला खोळ शिवत होती. आता बोलत्या तोंडाचं माप घ्यायला हवं होतं. तिने टेप उचलली, त्याच्यासमोर स्टूल ओढलं आणि आयुष्यात पहिल्यांदा म्हणाली, “अहो, बोला.”

अखंड घाबरला. त्याने बहिणीकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं.

“काय बोलू?”

“काहीही. रोज बोलता तेच.”

तो तोंड उघडून बसला, पण आतून काही येईना. उभ्या जन्मात त्याला कुणी बोल म्हटलं नव्हतं. लोक त्याला फक्त थांबवत आले होते, आणि थांबवणारं कुणी नसेल तर बोलायचं कसं, हे त्याला ठाऊक नव्हतं. नणंदेने त्याला टोमणे मारले, बालपणीच्या चोऱ्या काढल्या, तरी तो मुका. शेवटी खोळवालीने हताश होऊन विचारलं, “बरं, त्या मामांच्या दाढेचं पुढे काय झालं?”

धरण फुटलं. जबडा खाली गेला, डावीकडे सरकला, पुन्हा वर आला, आणि तिची टेप त्याच्यामागे धावू लागली. बोलताना हनुवटी चांगली दोन बोटं खाली उतरत होती आणि मामाचं नाव घेताना गाल फुगत होते. ती आकडे पुटपुटत होती, तो सांगत होता. दाताच्या डॉक्टरांनी भलतीच दाढ काढली आणि मामांना संकोच वाटला म्हणून ते काही बोललेच नाहीत. पुढे दर वेळी डॉक्टर एक दाढ काढत आणि मामा आभार मानून घरी येत. टेप खाली आली.

“मग?” ती म्हणाली.

“मग काय, दुखरी दाढ तेवढी शिल्लक राहिली.”

ती इतकी हसली की माप विसरली आणि ते पुन्हा घ्यावं लागलं. त्यासाठी मामीची हकीकत काढावी लागली.

नवा मास्क सपाट नव्हताच. पुढे तीन चुण्या घेतल्या होत्या. तोंड उघडलं की त्या उघडत आणि मिटलं की मिटत. हनुवटीखाली कापडाला चिमटी घेऊन छोटासा खिसा केला होता, त्यात जबडा बसे आणि खाली गेला तरी कापड बरोबर नेई. कानांवरचं इलास्टिक काढून टाकलं आणि कापडी नाड्या लावल्या, वरची डोक्यामागे बांधायला, खालची मानेवर. मामा, मामी आणि त्यांचा शेजारी, तिघांच्या हकीकती सांगून झाल्या तरी मास्क जागचा हलला नाही.

सलूनमध्ये मालकीणबाई दिवसभर त्याच्या तोंडाकडे बघत होत्या. तो दिवसभर बोलला. मास्क हलला नाही, खुर्ची राहिली. पण कापड पडलं दुहेरी, वर चुण्या. त्यातून बाहेर येणारं बोलणं दुसऱ्या खोलीत कुणी सतरंजी झटकावी तसं ऐकू येत होतं. गिऱ्हाइकं अदबीने माना डोलवत होती. एकाने अशीच चुकीच्या जागी मान डोलावली आणि तो पार बारीक केस घेऊन घरी गेला. बाकीच्यांनी जाताना मालकीणबाईंना सांगितलं, की सलून हल्ली फार शांत झालंय, असंच ठेवा.

खोळवालीला तिचा दिवस परत मिळाला. संध्याकाळी अखंड घरी आला, नाड्या सोडल्या आणि दिवसभरात जे कुणालाच कळलं नव्हतं ते पहिल्यापासून सांगायला बसला. “झालं?” असं तिने दोनदा विचारलं. मधल्या सुट्टीपर्यंतच आलोय, असं उत्तर आलं. हे असं रोज चाललं.

पुढच्या आठवड्यात साथ ओसरली आणि मालकीणबाईंनी नियम काढून टाकला, तेव्हा खोळवालीने सुटकेचा श्वास टाकला आणि गिऱ्हाइकांना फार वाईट वाटलं.