चरख्याची शेवंती
मुलांनो, तुम्ही रबरी ठशांनी सजवलेलं कार्ड काल मिळालं आणि त्याच्या शाईच्या वासानं नाशिकची एक दुपार आठवली, म्हणून आजच लिहिते आहे. सत्याग्रहाचे दिवस होते. वडील सरकारी कचेरीत नोकरीला, आणि त्यांची धाकटी बहीण, माझी आत्या, चपलेच्या जुन्या रबरी तळावर चरखा कोरून तो संक्रांतीच्या कार्डांवर छापायला बसलेली. पहिलंच कार्ड छापून झालं आणि खिडकीतून फौजदार येताना दिसले. चरखा त्यांच्या नजरेस पडता तर वडिलांची नोकरी गेलीच असती. आईनं आत्याच्या हातून ठसा घेतला आणि त्याच कार्डावर जरा जरा फिरवत पुन्हा पुन्हा उमटवला. "काय चाललंय, वहिनी?" फौजदारांनी दारातूनच विचारलं. "संक्रांतीची कार्डं. वन्संना फुलं नीट जमत नाहीत, म्हणून मी बसले." "मग एक आमच्यासमोर छापा बघू." आईनं कोऱ्या कार्डावर डाव्या हाताचा आडोसा धरला आणि न थांबता ठसा गोल फिरवत उमटवला. हात बाजूला झाला तेव्हा चाकाच्या आऱ्यांच्या पाकळ्या झाल्या होत्या. "शेवंती झकास आलीय, ही आमच्या घरी नेतो," म्हणत त्यांनी ते कार्ड खिशात घातलं. वडिलांची नोकरी टिकली. आत्याचं पहिलं कार्ड माझ्याकडे अजून आहे.