जखमेतले पोपट

गिरणीत हळद दळताना वास आला, की मला नव्वदीतली ती कादंबरी आठवते. सांगलीच्या हळदबाजारात हमालांच्या भांडणात चुलत्याच्या पोटात पोती ओढायचा आकडा घुसला होता. लोकांनी मुठीमुठीनं हळद जखमेत दाबली, मीही दाबली, पण लाल चिखल बोटांतून ओघळतच राहिला आणि चुलता तिथंच गेला. पुढच्या महिन्यात मित्रानं माझ्या आवडत्या लेखकाची गाजलेली कादंबरी दिली, “वाच गड्या, लय भारी हाय.” तिच्यात भोसकलेल्या माणसाच्या जखमेतून पोपट उडाले आणि तो घरी येऊन जेवायला बसला. मी पानं टराटरा फाडली. मित्र म्हणाला, “आरं, गोष्ट हाय ती.” मी त्याची गचांडी धरली, “मग सांग की चुलतीला, ताट वाढ म्हणावं.” भाजीत हळद मी अजून चमच्यानंच घालतो, चिमटीत धरवत नाही.