आईच्या नावाची गोळी

वसमतच्या स्टँडवर नांदेडची गाडी लागली होती. सामान चढवून झालं होतं आणि पप्पा माझ्या हँडबॅगेची चेन उघडून पुन्हा एकदा आत पाहत होते. नांदेडहून हैदराबाद आणि तिथून इंग्लंडचं विमान, असा माझा प्रवास होता. पासपोर्टच्या खालच्या कप्प्यात थायरॉईडच्या गोळ्यांच्या बाटल्या होत्या आणि त्यांना रबरानं बांधलेली डॉक्टरांची चिठ्ठी. गोळ्या माझ्या होत्या. चिठ्ठीवर नाव आईचं होतं.

"विमानतळावर कोणी विचारलंच," पप्पा इकडेतिकडे बघत हळू म्हणाले, "तर सांगायचं, आईच्या गोळ्या हायत. चुकून माझ्या बॅगेत आल्या."

"चुकून एवढ्या बाटल्या?" आई म्हणाली. "काही बी शिकवून राहिलात लेकराला."

"तू गप. आवाज किती तुझा."

मी दोघांकडे बघून मान हलवली. गाडी सुटली तेव्हा आई रडली नाही. खिडकीखाली उभी राहून ती हातवारे करत विचारत होती, सकाळची गोळी घेतली का म्हणून. पप्पांनी तिचा हात धरून खाली ओढला.

हैदराबादला मला कोणी काही विचारलं नाही. तरी तपासणीच्या रांगेत मी पप्पांनी शिकवलेलं वाक्य मनात घोकत होते. घरून निघताना काय काय आणलंस, असं इकडे मैत्रिणी एकमेकींना विचारतात. मीही लोणचं, मेतकूट, आमच्याकडची हळद अशी नावं सांगते. ती चिठ्ठी कधी सांगितली नाही. आज सांगते आहे, तिकडे राहिलेल्यांना आणि माझ्यासारख्या निघून आलेल्या मुलींनाही. त्यांच्यातल्या काही जणींच्या बॅगेत असं काहीतरी असेलच, असं मला आता वाटतं.

अकरावीत असताना मी वर्गात बसल्या बसल्या झोपायला लागले. केस गळायला लागले, चेहरा सुजल्यासारखा दिसायचा. वसमतमध्ये दाखवलं तर चार लोक बघतील म्हणून पप्पांनी मला नांदेडला नेलं. डॉक्टर म्हणाले, साधा आजार आहे, रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी, बाकी काही नाही. बाहेर आल्यावर पप्पा आईला एवढंच म्हणाले, "हे कुठं बोलू नको. उद्या पोरीचं लग्न करायचं हाय."

पण गोळी दर महिन्याला लागणार आणि आमच्याकडच्या मेडिकलचे काका पप्पांच्या ओळखीचे. मग पप्पांनी त्यांना सांगितलं की मिसेसला थायरॉईड निघालं. गावातल्या डॉक्टरांनाही तेच सांगितलं. तेव्हापासून घरात आजारी मी आणि गावात आजारी आई, असं सुरू झालं.

बातमी पसरायला वेळ लागला नाही. शेजारच्या काकू आल्या. "वैनी, पत्ताकोबी अजिबात खाऊ नका बरं. माझ्या नणंदेचं नरडं केवढं सुजलं होतं." आईचं माहेर साखऱ्याचं, कोरडवाहू शेतीचं. तिच्या लहानपणी भाजी बाजारच्या दिवशीच दिसायची आणि पत्ताकोबी म्हणजे चैन. हरभऱ्याची डाळ घालून केलेली ती भाजी तिला सगळ्यात जास्त आवडायची. काकू कधीही डोकवायच्या, म्हणून आमच्या घरात पत्ताकोबी येणंच बंद झालं. लग्नाच्या पंगतीत वाढपी ती भाजी घेऊन आला की आई ताटावर हात आडवा धरायची. "मला चालत न्हाई." मी तिच्याच शेजारी बसून ती भाजी खायचे. दुसऱ्यांदा वाढली तरी घ्यायचे. हे लिहिताना मला अजून लाज वाटते.

पप्पा तहसील कार्यालयात कारकून आहेत. दाखल्यांचे अर्ज तपासणं हे त्यांचं काम. गडबडीत सही करायला निघालेल्या माणसाच्या कागदावर ते हात ठेवतात आणि म्हणतात, "वाचल्याबिगर सही करायची न्हाई. खाली काय छापलंय ते बघा आधी." त्यांना डबा द्यायला गेले की मी हे वाक्य ऐकायचे. मला त्यांचा अभिमान वाटायचा. घरातली गोष्ट आणि हे वाक्य मी कधी शेजारी शेजारी ठेवून पाहिलं नाही.

इथे कॉव्हेंट्रीत आल्यावर, घरून आणलेल्या बाटल्या संपेपर्यंत बरं चाललं. मग डॉक्टरांकडे जावं लागलं. पहिल्यांदा मिळालेल्या डब्यावर लेबल होतं. त्यावर माझं पूर्ण नाव आणि त्याच्याखाली गोळीचं नाव. ही दोन नावं एका जागी मी तोवर पाहिली नव्हती. खोलीवर येऊन मी ते लेबल नखानं खरवडून काढलं. आम्ही मिळून राहायचो त्या भाड्याच्या घरात एक मुलगी केरळची होती आणि दोघी नायजेरियाच्या. त्यांना माझ्या लग्नाशी काय देणंघेणं असणार होतं, कोण जाणे.

इथली पद्धत सांगायला हवी. इंग्लंडमध्ये डॉक्टरांना दाखवायला पैसे पडत नाहीत, पण औषध घेताना ठरावीक रक्कम भरावी लागते. म्हाताऱ्यांना, लहान मुलांना, गरोदर बायकांना ती माफ आहे आणि काही ठरावीक आजारांनाही. माझा आजार त्यात बसतो. मात्र नुसता आजार असून भागत नाही. अर्ज भरून, डॉक्टरांकडून खात्री करून, माफीचं कार्ड काढावं लागतं. औषध घेताना माझ्याकडे कार्ड आहे अशी खूण करायची आणि खाली सही करायची. काउंटरवर कार्ड दाखवलंच पाहिजे असं नाही. तुमच्या सहीवर विश्वास ठेवून औषध देतात आणि नंतर कुठल्या तरी ऑफिसात पडताळून बघतात.

दवाखान्यातल्या बाईंनी मला तो अर्ज आपण होऊन दिला होता. मी त्याचा फोटो पप्पांना पाठवला. त्यांचा लगेच फोन आला. "आपल्या हातानं असं कुठं लिहून देऊ नको. एकदा लग्न होऊ दे, मग लिव्ह काय लिवायचं ते." मी अर्ज कपाटात कपड्यांखाली ठेवला.

फार्मसीच्या काउंटरवर एक हसरी, जाडशी बाई असते. चिठ्ठी बघून ती म्हणाली, "अच्छा, ही गोळी का, मग तुला माफ आहे. कार्ड आहे ना, डार्लिंग?" मागे रांग होती. नाही म्हटलं असतं तर तिनं विचारलं असतं, का नाही काढलंस? माझी सगळी शाळा इंग्रजीत झाली, पण त्या प्रश्नाचं उत्तर मला इंग्रजीत देता आलं नसतं. मराठीतही आलं नसतं. मी मान हलवली, खूण केली, सही केली. खाली काय छापलं होतं ते वाचलं नाही. पुढच्या खेपेला तिनं विचारलंही नाही, पेन पुढे केला. असं बरेच महिने चाललं.

याच काळात हिंगोलीचं एक स्थळ आलं. मुलगा लंडनजवळ नोकरीला, वडील निवृत्त शिक्षक. पत्रिका गेली, फोटो गेले. आम्ही दोघं एकदा फोनवर बोललो, म्हणजे तो बोलला. आणि मग दाराच्या फटीतून त्या पडताळणीच्या ऑफिसचं पत्र आलं.

पत्राची भाषा अतिशय सभ्य होती. मी जी माफी घेतली तिचं कार्ड माझ्या नावावर सापडत नाही, म्हणून औषधाची रक्कम भरावी, आणि वर त्याच्या पाचपट दंड. खोटं किंवा चोरी असा शब्द त्यात कुठेच नव्हता. त्यामुळे मला जास्तच शरम वाटली. मी फार्मसीसमोरून जाणं सोडलं. बसस्टॉपला लांबच्या रस्त्यानं जायला लागले. त्या बाईला यातलं काही माहीतही नव्हतं.

पप्पांना सांगितलं तेव्हा ते ऑफिसातून नुकतेच आले होते.

"म्हणजे तू खोटं लिवलं?"

"पप्पा, आजार तर खराच आहे."

"मग दंड काहून?"

"आजाराचा कागद नाही म्हणून."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. कागद कुणी काढू दिला नाही, हे आम्हा दोघांना ठाऊक होतं आणि दोघांनीही ते म्हटलं नाही. मी सांगितलं की पत्रात एक सोय दिली आहे. आजार खरा असेल तर मुदतीत अर्ज करा, दंड माफ होईल. पण अर्जात आजाराचं नाव, माझं नाव, सगळं लिहावं लागेल.

"नको," पप्पा म्हणाले. "पुढच्या रविवारी हिंगोलीचे घर पाहायला येऊन राहिले. दंड भरून टाक अन् मोकळी हो. तकलीफ नको वाढवू."

मी बरं म्हणाले. जिनं खोटी सही केली तिनं दंड भरावा हे बरोबरच होतं, अशी मी स्वतःची समजूत घातली. खरं म्हणजे कार्डावर नाव यायची मलाही भीती वाटत होती. सगळा दोष पप्पांच्या माथी मारता येत नाही.

त्या रविवारनंतर आईचा फोन आला. एरवी ती पप्पांच्या फोनवरून बोलते, मागे पप्पा असतात. या वेळी तिनं एकटीनंच व्हिडिओ लावला होता. स्वयंपाकघरात खाली बसून जेवत होती, फोन पाण्याच्या तांब्याला टेकवलेला.

"आले होते का गं?" मी विचारलं.

"आले व्हते. पोहे खाल्ले. पोराची आई बरी हाय स्वभावानं, पण चौकस. मला म्हणे, तुमाला थायरॉईड हाय म्हणून ऐकलं गावात. आईचं लेकीला उतरतं म्हणतात. पोरीची तपासणी केली का?"

माझं नाव लपवण्यासाठी पप्पांनी आईचं नाव पुढे केलं होतं आणि त्याच वाटेनं ती बाई माझ्यापर्यंत येऊन पोचली होती.

"तुझे पप्पा म्हणाले, केली केली, पोरगी एकदम बराबर हाय. अन् मग मला काय झालं काय माहीत. मी म्हणलं, मला काही बी न्हाई. गोळी पोरीची हाय. रोज सकाळी घेती, अन् बराबर बी हाय."

"आई!"

"काय आई? पाहुण्यांनी च्या पिला, कुंकू लावून घेतलं अन् गेले. आता म्हणून राहिले, पत्रिका जुळत न्हाई. मागच्या महिन्यात जुळत व्हती."

"पप्पा?"

"बोलून न्हाई राहिले माझ्याशी. पण जेवायला येतात टायमावर."

"तू का सांगितलंस पण?"

आईनं घास खाली ठेवला. "काहून म्हणजे? तू तिकडं असलेल्या आजाराचा दंड भरून राहिली अन् मी इकडं नसलेल्या आजाराचं पथ्य पाळून राहिले. किती दिवस, माय?" मग तिनं ताट उचलून फोनसमोर धरलं. ज्वारीची भाकरी आणि पत्ताकोबी, हरभऱ्याची डाळ घातलेली. "मीठ जरा जास्त झालं," ती म्हणाली. "हातची सवय गेली ना."

फोन ठेवल्यावर मी कपाटातून अर्ज काढला. या वेळी खाली छापलेलं सगळं वाचलं आणि मग सही केली. दवाखान्यातल्या बाईंनी तो घेतला आणि माझ्याकडे मान वर करून बघितलंही नाही. काही दिवसांनी कार्ड आलं. दंड मी अजून भरला नव्हता, तो माफ झाला, औषधाची रक्कम तेवढी भरली. फार्मसीतल्या बाईनं पुढच्या वेळी नेहमीसारखं डार्लिंग म्हटलं. तिनं न विचारताच मी कार्ड दाखवलं आणि ती गोंधळून हसली.

या दिवाळीला मी वसमतला गेले होते. पप्पा आता बोलतात आईशी, माझ्याशीही, पण तो विषय निघाला की पेपर उघडतात. कॉव्हेंट्रीहून आणलेल्या गोळ्या संपत आल्या होत्या, परत निघण्याआधी नव्या आणायच्या होत्या. पप्पांनी सवयीनं चपला घातल्या. मी म्हणाले, मी पण येते.

त्यांनी स्कूटर मेडिकलच्या जरा पुढे लावली आणि ते गाडीवरच बसून राहिले, तोंड पलीकडे करून. मी एकटीच आत गेले. एवढ्या वर्षांत त्या काउंटरशी मी कधी उभी राहिले नव्हते.

"वैनीची गोळी ना?" काकांनी फळीवर हात घातला सुद्धा.

"नाही काका. माझी."

दुकानात आणखी दोन बायका होत्या. त्यातली एक आमच्याच गल्लीतली. काकांचा हात फळीवर तसाच होता.

"पन्नासची का पंच्याहत्तरची?" त्यांनी विचारलं.

"पंच्याहत्तरची."

एवढंच. बाटली ते कागदात गुंडाळायला लागले, पप्पांना तशीच लागायची म्हणून. मी म्हणाले, राहू द्या.

कॉव्हेंट्रीत माझं नाव आणि माझी गोळी एका लेबलवर असतात. पण तिथं मला ओळखतं कोण? वसमतमध्ये सगळे ओळखतात, आणि माझ्याबद्दलची खरी गोष्ट तिथं मी पहिल्यांदाच बोलले होते. घर सोडून मला तीन वर्षं झाली असं मी सांगत आले. त्या काउंटरशी वाटलं, अजून घरात नीट शिरायचंच राहिलंय.

बाहेर येऊन मी पप्पांच्या मागे बसले. बाटली माझ्या हातात होती.

"पिशवी न्हाई दिली त्यानं?" पप्पांनी आरशात बघत विचारलं.

"मीच नाही घेतली."

मेडिकलहून घरी जायला ते नेहमी मागची गल्ली धरतात. त्या दिवशी त्यांनी किक मारली आणि काही न बोलता गाडी भर बाजारातल्या मोंढ्याच्या रस्त्याला घातली, जिथं दुकानादुकानातून लोक त्यांना हात करतात.