रुसलेल्या जावयाला ताजं रक्त

साल एकोणीसशे सत्त्याहत्तर, माझं वय अडतीस. मानेला गाठ आली, पुण्याच्या दवाखान्यात कॅन्सर म्हणाले आन् इंजेक्शनं सुरू झाली. तिसऱ्या खेपेला केस गेले, नडग्यांवर लाल ठिपके उठले. डॉक्टर म्हणाले, "रक्त थांबवणाऱ्या पेशी औषधानं कमी झाल्यात. वस्तरा बंद, दातवण बंद."

मी चौथी नापास, पण बाभळीच्या काडीबद्दल मला कोण शिकवणार? निमोण्याला घरी आलो आन् सकाळी नेहमीसारखी काडी चावली. हिरड्यांतून रक्त लागलं ते थांबेना. बायकोनं एस.टी.त घालून परत पुण्याला नेलं.

डॉक्टरांनी आधी मला झापलं, मग बायकोला म्हणाले, "साठवलेल्या रक्तात त्या पेशी टिकत नाहीत. आजच काढलेलं ताजं रक्त पाहिजे. नाहीतर माणूस हातचा जाईल."

बायकोचा आन् संगं आलेल्या माझ्या भावाचा गट जुळला नाही. राहिला बायकोचा भाऊ, यवतचा. त्याच्याशी सात वर्षं माझं बोलणं नव्हतं. त्याच्या लग्नात मानाची टॉवेल-टोपी आधी धाकट्या जावयाला दिली. थोरला मी! भरल्या ताटावरून उठलो होतो.

"त्याचं रक्त घेण्यापरीस मेलेलं बरं," मी म्हणालो.

"मरा की. पर टोपीपायी मेला, असं गावाला कोणत्या तोंडानं सांगू?" बायको म्हणाली. डोळे मात्र तिचे भरलेले. मला न विचारताच तिनं माझ्या भावाला यवतला धाडलं.

दिवेलागणीच्या आत मेव्हणा हजर. संगं तालमीतले तिघं गडी. त्याचा आन् दोन गड्यांचा गट जुळला. बाटली भरून झाल्यावर तो दंडावर कापूस दाबत माझ्या खाटेशी आला.

"दाजी, आता रुसू नका. ह्या खेपंला पहिला मान तुमचाच. धाकट्या दाजींना थेंब दिला न्हाई."

मी तोंडातला बोळा काढला. "दिला असतास, तर मी ही बाटली परत केली असती."

"बोळा घाला आधी!" बायको ओरडली.

तिसरी बाटली संपता संपता रक्त थांबलं. मेव्हणा व्हरांड्यातच झोपला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला नळापर्यंत जायचं होतं. बायको हात द्यायला उठली. तिला बस म्हणालो, मेव्हण्याला हाक मारली आन् त्याच्या खांद्यावर हात टाकून गेलो.