भिंग जागेवर नव्हतं

शाळेत मास्तरांना सगळे ‘पुन्हासर’ म्हणत. प्रयोग चुकला तर पुन्हा, बरोबर आला तरी पुन्हा. विज्ञान ऐकून येत नाही, हाताला लागलं तरच येतं, हे त्यांचं म्हणणं. आयतं उत्तर म्हणजे मागून आणलेला सदरा. अंगावर असतो, पण आपला नसतो.

नववीचं शेवटचं प्रात्यक्षिक होतं. कांद्याचा पापुद्रा मायक्रोस्कोपखाली पाहायचा आणि दिसेल ते वहीत काढायचं. पोरं रांगेनं आली, एक डोळा मिटून वाकली, चित्रं काढून गेली. चित्रं देखणी. विटांच्या भिंतीसारख्या पेशी, प्रत्येकीत एक ठिपका.

वर्ग रिकामा झाल्यावर मास्तरांनी सहज डोळा लावला, तर आत काळोख. भिंग फिरवून जागेवर बसवलं की खट् आवाज येतो. सकाळी भिंग त्यांनीच पुसलं, फिरवलं, आणि तो आवाज ऐकायचा राहून गेला. भिंग अर्धवट अडकलेलं. म्हणजे कुणालाच काही दिसलं नव्हतं. आणि एकानंही चकार शब्द काढला नव्हता.

घरी ते जेवायला बसले, उठले, परत बसले.

“अहो, जेवताय की कवायत करताय?” बायकोनं विचारलं.

मास्तरांनी सगळं सांगितलं. “पाचवीपासून घासतोय त्यांना. आणि सरळ पुस्तकातलं उतरवलं.”

“वहीत कोरी जागा दिसली की शून्य कोण देतं?”

मास्तर भाकरी मोडत राहिले.

“मग कोरी ठेवायला ती काय वेडी आहेत? तुमच्याच हाताखाली तयार झालीत.”

घास तोंडातच फिरत राहिला.

सकाळी ते मुख्याध्यापिकाबाईंकडे गेले. प्रात्यक्षिक परत घ्यायचं म्हणाले.

“चित्रं तर छान आहेत,” बाई म्हणाल्या.

“छान आहेत, तेच दुखणं आहे.”

“सर, तुमच्या ‘पुन्हा’पायी गेल्या वर्षी धडे राहिले, पालकांची बोलणी मी खाल्ली. आज शेवटच्या घंटेला गुण माझ्या टेबलावर हवेत. नाही आले, तर हा वर्ग दहावीत नव्या सरांकडे जाईल.”

हा वर्ग दहावीत आपल्याच हातून जावा, एवढ्यासाठी मास्तरांनी बदली नाकारली होती.

शेवटच्या तासाला त्यांनी कांदा ठेवला. मायक्रोस्कोपला मुद्दाम हात लावला नाही. “कालच्या चित्रांवर काट मारा. काल चूक माझीही होती. आज दिसेल तेच काढायचं. काळोख दिसला तर काळोख काढा. त्यालाही पूर्ण गुण.”

“सर, मग मी नुसती पेन्सिल घासत बसतो,” एक आगाऊ कार्टं म्हणालं. वर्ग हसला. मास्तर हसले नाहीत.

पहिली मुलगी वाकली, आणि लगेच मान वळवून तिनं मास्तरांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. दुसऱ्यानं तेच केलं. तिसऱ्यानंही. उत्तर भिंगात नव्हतंच, ते मास्तरांच्या तोंडावर शोधायची सवय लागली होती.

मास्तर बाहेर गेले आणि दार ओढून घेतलं.

नुसतं उभं राहण्यापेक्षा पोतं उचलणं परवडलं असतं. हात शिवशिवत होते. आतून गलका ऐकू येत होता.

“तू हलवलंस, म्हणून गेलं.”

“आलंच कुठे होतं जायला? मघापासून मला माझीच पापणी दिसतेय.”

“मग पापणी काढ.”

“काढलीय. केस मोजून.”

घंटा झाली. बाई जिना चढून आल्या. “गुण?”

“अजून बघताहेत.”

“मग नव्या सरांना सांगते.”

आत जायचं, भिंग बसवायचं, भराभर गुण टाकायचे. अजून जमलं असतं. हात कडीपर्यंत गेला. आत कुणीतरी म्हणत होतं, “थांब रे, उजेड कुठून यायला हवा ते आधी बघू.”

“सांगा,” मास्तर म्हणाले.

बाई खाली उतरल्या. मास्तर कठड्यापर्यंत त्यांच्या मागे गेले, तिथूनच परत फिरले.

दार किलकिलं झालं. पहिल्या मुलीनं डोकं बाहेर काढलं. “सर, भिंग नीट बसलेलं नाही असं वाटतंय. फिरवून बघू?”

कुठून धरायचं, किती फिरवायचं, सगळं मास्तरांच्या जिभेवर आलं होतं.

“मला काय विचारतेस?” ते म्हणाले, आणि दार पुन्हा ओढून घेतलं.