पत्र्यावरचं रेडियम

संघपालनं कापलेलं रेडियम ट्रकवर पाच वर्षं हलत नाही. नवीन जालन्यात, स्टेशनरोडच्या चौकात त्याची टपरी आहे. गाड्यांचे नंबर, नावं, देव, बुद्ध, कुणाचंही काम करील. कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण टपरीच भांडणाच्या जागेला चिकटून. तिथं एका गटाला पुतळा हवा, दुसऱ्याला कमान. वाद मिटेना म्हणून सगळीकडून पत्रे ठोकलेले.

एक दिवस साक्षी नावाची चित्रकलेची विद्यार्थिनी आली. कोरे गोल स्टिकर वाटायचे, इथं काय हवं ते ज्यानं त्यानं लिहायचं आणि पत्र्यावर चिकटवायचं, असं लोकांच्या हातचं चित्र तिला करायचं होतं. "कागदाचे द्या काका, आठवड्यानं काढून टाकू," ती म्हणाली.

"कागद एका उन्हात गळून पडंल, ताई. म्या बराबर माल देतो," म्हणत या शहाण्यानं ट्रकचं रेडियम कापलं!

लोक तुटून पडले. बाक, झाड, पाण्याची टाकी. संघपालची बायको दीपमाला तिथंच भाजी विकते. दिवसभर पाणी पीत नाही, कारण जाणार कुठं? तिनं लिहिलं, 'बायांसाठी संडास'. पुतळा कुणी लिहिला नाही, कमानही नाही. संध्याकाळी गाड्यांचे दिवे पडले की सगळा पत्रा उजळायचा. समोरच माझं दुकान, मला तर फार आवडलं होतं.

आणि एकमेकांचं तोंड न पाहणारे दोन्ही पुढारी चक्क जोडीनं टपरीवर आले. एवढी एकी या चौकानं कधी पाहिली नव्हती.

"आपला असून आपल्यालाच नडून राह्यला का?" पुतळ्यावाला भारत म्हणाला. तो संघपालच्याच गल्लीतला.

"सगळं काढ, न्हाई तं टपरी उचल," कमानवाला रायभान म्हणाला.

साक्षी फोनवर म्हणाली, मी येते, त्यांच्याशी बोलते. संघपालनं अडवलं, "नका येऊ ताई. तुम्ही जाताल निघून. मला हितंच बसायचंय."

दुसऱ्या दिवशी तो ब्लेड आणि पेट्रोलची बाटली घेऊन बसला. स्वतःचाच चांगला माल निघता निघेना, नखं सोलली. लोक येत, आपापलं स्टिकर गेलेलं बघत आणि त्याच्याशी न बोलता जात. त्याला कुठं तोंड लपवायचीही सोय नव्हती. दीपमालाचं स्टिकर त्यानं शेवटाला ठेवलं होतं.

"हे एवढं राहू द्या," लक्ष ठेवायला उभ्या असलेल्या रायभानला तो हात जोडून म्हणाला. मला त्याचा संताप आला, आणि कीवही.

रायभान काही बोलायच्या आत दीपमाला भाजीवरून उठली. "लोकायचं खरवडलं अन् बायकोचं ठेवलं, असं म्हणतील. मंग मी हितं कोणत्या तोंडानं बसू?"

तिनं त्याच्या हातातून ब्लेड घेतलं आणि आपलं अक्षर आपणच खरवडायला लागली.